पनवेलचा मुक्काम

केवळ पनवेल पाहण्यासाठीं म्हणून कोणी पनवेलीस गेल्याचें आमच्या तरी ऐकिवांत नाहीं. येथें उतरणारा मनुष्य दुसरीकडे निघालेला असतो. कोणी पुण्यास, कोणी कोंकणांत. गोव्याचा रस्ता तर येथूनच फुटतो व पुढें कन्याकुमारीपर्यंत जातो. म्हणून येथील खाणावळींचें व लॉजांचें नशीब आचाऱ्याच्या हातीं नसून रस्त्याच्या हातीं आहे, असें आम्हांस फार दिवस वाटत आलें आहे.

पूर्वीं मुंबईचा गृहस्थ पडावांतून खाडीनें पनवेल बंदरीं येई व तेथून घाट चढे. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां या वाटेस बरकत आली. १८६३ सालीं घाटांतून आगगाडी सुरू झाली. ती कर्जतवरून गेली आणि पनवेल बाजूस पडलें. मोटारी व एस. टी. आल्यावर तें पुन्हां वाटेवर आलें.

तो काळ आम्हीं पाहिला आहे. दादरहून महाडास आजोळीं जातांना एकदां गाडी बिघडली व रात्रीं अकरा वाजतां आई आम्हां चार भावंडांस घेऊन स्टँडाजवळच्या एका खाणावळीच्या दारांत उभी राहिली. चूल विझली होती. मालकांनीं कांहींएक न विचारतां पिठलें-भात टाकविला व माडीवर सतरंज्या घातल्या. सकाळीं पैसे देऊं लागतां म्हणाले, "वहिनी, मुलांच्या जेवणाचे नकोत."

२००२ सालीं द्रुतगती महामार्ग पुरा झाला आणि पुण्याचा उतारू गांवांत न शिरतां थेट खालापूरच्या फूड मॉलवर थांबूं लागला. पळस्पे फाट्यावरच्या 'दत्त स्नॅक्स'सारख्यांचें नांव राहिलें, कारण तीं रस्त्यास धरून होतीं. आमची ती खाणावळ मात्र गेली. तेथें आतां मोबाईलचें दुकान आहे.

आतां वारा पुन्हां फिरला आहे. जानेवारी २०२४ मध्यें अटल सेतु खुला झाला, डिसेंबर २०२५ मध्यें नव्या विमानतळावरून उड्डाणें सुरू झालीं, आणि जुन्या लॉजांस परांच्या लागल्या. भाच्याच्या मुलाच्या मुंजीसाठीं आम्ही सहकुटुंब अशाच एका नूतनीकरण झालेल्या हॉटेलांत उतरलों. बरोबर ऐंशी उलटलेल्या आक्का होत्या. त्यांचें आधारकार्ड घरीं राहिलेलें. तें फोनवर येईपर्यंत पाऊण तास त्यांस बाहेरच्या कोचावर बसून राहावें लागलें. दोष त्या पोराचा नव्हे, नियम तसा असतो. तरी ती जुनी माडी आम्हांस आठवलीच.

आम्ही तसें बोलून दाखविलें, तेव्हां आक्का फणकाऱ्यानें म्हणाल्या, "त्या माडीचा जिना आतां मला चढवला असता कां? येथें लिफ्ट आहे, न्हाणीघर खोलींतच आहे." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. सकाळीं मऊ भात मागितला, तो मात्र मांडलेल्या वीस पदार्थांत कोठें नव्हता.

निघतांना व्यवस्थापकास विचारलें, "विमानाचे उतारू येतात कां?" तो म्हणाला, "थोडे येतात. सध्यां धंदा आपल्यासारख्या कार्यांच्या मंडळींवरच चालतो." आक्कांनीं लगेच पुढल्या वैशाखांतील लग्नासाठीं दोन खोल्यांचा दर विचारला.

"तो आतांच सांगतां येणार नाहीं, आजी," तो म्हणाला. "विमानें वाढतील तसा ठरेल."