देगलूरचे मैदान आणि पारखी नजर

नांदेडहून नायगाव, नरसी मागे टाकत रस्ता दक्षिणेला उतरतो. बिलोलीच्या जुन्या दगडी मशिदीकडे जाणारी वाट डाव्या हाताला राहते आणि पुढे देगलूर येते. इथून थोडे पुढे गेले की तेलंगणातले मदनूर, दुसऱ्या बाजूला कर्नाटकातला बिदर जिल्हा. बाजारात उभे राहिलात तर एकाच दुकानात मराठी, तेलुगू, कन्नड आणि आपली दखनी कानावर पडते. वारकरी मंडळी हे गाव देगलूरकर महाराजांच्या कीर्तनपरंपरेमुळे ओळखतात, तर जुन्या शिल्पांची आवड असणारे जवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे पाहायला येतात. आम्ही एका निकाहनिमित्त गेलो होतो. दोन दिवस राहिलो आणि पाहिले मात्र फुटबॉल.

असरची नमाज झाली की मोहल्ल्यातली पोरे गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत जमतात. गोलच्या जागी दोन-दोन विटा, अंगात मेस्सी-रोनाल्डोच्या नावाचे शर्ट, पायात कुणाच्या बूट तर कुणाच्या नुसत्या सपाता. खेळ थांबला की वाद सुरू होतो. बार्सिलोना पूर्वीची बरी की आताची? कोणता नवा पोरगा पुढे जाणार? सध्या सगळ्यांच्या तोंडी लामिन यमाल आहे. वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची, मुलगा स्पेनच्या एका साध्या कामगार वस्तीत वाढलेला. सातव्या वर्षी बार्सिलोनाच्या अकादमीने त्याला उचलले, पंधराव्या वर्षी तो मोठ्या संघातून खेळला. गोल केला की तो बोटांनी ३०४ असा आकडा दाखवतो. ते त्याच्या वस्तीच्या पिनकोडचे शेवटचे तीन आकडे. देगलूरचा पिनकोड ४३१७१७. म्हणून इथली पोरे गोल झाला की आधी सात बोटे दाखवतात, मग एक, मग पुन्हा सात. हसू येते, पण कौतुकही वाटते. आपल्या गावाचे नाव बोटांवर घेऊन नाचायला हिंमत लागते.

ज्यांच्या घरी उतरलो होतो ते चाचा ऐंशीच्या पुढचे. संध्याकाळी खुर्ची टाकून ते हा खेळ पाहत बसतात. मी विचारले, "चाचा, तुम्हाला फुटबॉलची आवड कुठून?" ते म्हणाले, "मामू हैदराबाद में थे ना. फतेह मैदान पे ले जाते थे. पोलिस की टीम देखे हम. वैसी टीम फिर नै देखे."

ही पोलिसांची टीम म्हणजे हैदराबाद सिटी पोलिस. आजच्या मुलांना हे नाव ठाऊक नाही, पण एकेकाळी मुंबई-कलकत्त्याचे बडे क्लब या संघाला वचकून असत. मुंबईच्या कूपरेज मैदानावर होणारा रोव्हर्स चषक या संघाने १९५० ते १९५४ असा सलग पाच वर्षे जिंकला. संघाचे प्रशिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. हेच रहीमसाहेब भारताच्या संघाचेही प्रशिक्षक होते. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारताने सुवर्णपदक जिंकले ते त्यांच्याच हाताखाली. जकार्ताच्या १९६२ च्या अंतिम सामन्यात भारताने दक्षिण कोरियाला २-१ असे हरवले, तेव्हा त्यांना कर्करोगाने ग्रासले होते. ११ जून १९६३ रोजी त्यांचा इंतकाल झाला. २०२४ मध्ये 'मैदान' चित्रपट आला, तेव्हा कुठे नव्या पिढीला हे नाव कळले.

रहीमसाहेब मुळात शाळामास्तर. त्यामुळे पोरगा ओळखायचा कसा, हे त्यांना वर्गातच समजले असावे. त्यांनी हैदराबादेत निराळ्याच स्पर्धा भरवल्या. एका स्पर्धेत चेंडू घोळवत नेण्याला बंदी, म्हणजे पास देणे आलेच पाहिजे. दुसरीत खेळाडूने आपल्या कमजोर पायानेच खेळायचे. अशा खेळात शरीराने दांडगा कोण हे मागे पडते आणि डोके कुणाचे चालते हे दिसते.

तुलसीदास बलरामची गोष्ट तर प्रत्येक आईबापाने ऐकावी अशी. सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा गावातला हा गरीब घरचा मुलगा पोलिसांच्या टाकून दिलेल्या बुटांपासून शिवून घेतलेले बूट घालून खेळायचा. रहीमसाहेबांनी त्याला हेरले आणि हैदराबादेत खेळायला बोलावले. पण रोजच्या जाण्यायेण्याला पैसे कुठून आणायचे? रहीमसाहेबांनी त्याच्या सायकलीची सोय केली. हाच मुलगा पुढे दोन ऑलिंपिक खेळला आणि जकार्ताच्या सुवर्णपदक विजेत्या संघातही होता. मोठी अकादमी नव्हती, मोठा पैसा नव्हता. एका मास्तरची नजर होती आणि एक सायकल होती.

चाचांच्या बोलण्यात आणखी एक दुखरी गोष्ट आली. त्यांच्या लहानपणी देगलूर हैदराबाद संस्थानात आणि पुढे हैदराबाद राज्यात होते. दवाखाना, कोर्ट, कॉलेज, नोकरी, सगळ्यांचे तोंड हैदराबादकडे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला. मराठी माणसासाठी ती आनंदाचीच गोष्ट. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये रहीमसाहेबांच्या संघाने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवले. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. त्या संघात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, झुल्फिकारुद्दीन, बलराम असे हैदराबादचे कितीतरी खेळाडू होते. चाचा म्हणतात, "जीते तो हमीच जीते बोलके नाचे. पन हम तो दूसरे राज में जा चुके थे."

आज देगलूरहून हैदराबाद साधारण दोनशे किलोमीटर, पुणे त्याच्या दुपटीहून लांब, आणि गावात रेल्वे नाही. पण खेळाडूची सरकारी वाट पुण्याच्या दिशेने जाते. शालेय स्पर्धा आणि सुब्रोतो मुखर्जी चषक हे जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर चढतात. क्रीडा प्रबोधिनीच्या चाचण्यांत ३० मीटर धावणे, उभ्या जागेवरून उडी, ८०० मीटर धावणे असे मोजमाप होते. निवड झालेल्या मुलाचे राहणे, जेवण, शिक्षण आणि सराव शासनाच्या खर्चाने होतो. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव प्रबोधिनीतूनच घडला आणि २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. मात्र कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ आहेत आणि पोरगा चांगला खेळला की पेठभर बोलबाला होतो. आपल्या भागात पोरगा कितीही चांगला खेळला तरी पाहणारा कोण?

त्या मैदानावर तेरा वर्षांचा एक डावखुरा मुलगा होता. त्याच्या पायातून चेंडू सुटला की मोठी पोरेही थबकत. आठवी झाली की त्याला हैदराबादला मामाच्या एसी दुरुस्तीच्या दुकानात पाठवायचे, असे घरात ठरले होते. चाचा मला त्याच्या घरी घेऊन गेले. वडील फळांचा गाडा लावतात. ते म्हणाले, "खेळाने पोट भरते का?" प्रश्न खोटा नाही. सगळेच यमाल होत नाहीत, हे चाचांनीही कबूल केले. पण राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे आणि ठराविक पातळीवर खेळलेल्यांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, हे त्या घरात कुणी सांगितलेच नव्हते. आईचे प्रश्न वेगळे होते: तिथे जेवण कसले, नमाजचे काय, शाळा तर सुटणार नाही ना? हे प्रश्न विचारलेच पाहिजेत, आणि चाचणीला जाण्याआधी विचारले पाहिजेत.

मी जन्मदाखला पाहायला मागितला. दाखल्यावर, शाळेत आणि आधारवर नावाची तीन वेगळी रूपे निघाली. आपल्या घरांत हे फार होते. अन् इथेच मुले बाद होतात, कारण फुटबॉलमध्ये वयाची तपासणी कडक आहे, वरच्या पातळीवर मनगटाचा एक्स-रे काढून वय ताडतात. कागद आजच दुरुस्त करून ठेवावेत.

मोहम्मद सलाहचे उदाहरण मी त्या वडिलांना सांगितले. नागरिग नावाच्या खेड्यातून तो सरावासाठी कैरोला जायचा. अनेक बस बदलत एका बाजूला चारेक तास लागायचे. वडील गप्प राहिले. मग एवढेच म्हणाले, "शाळेच्या स्पर्धा होईपर्यंत थांबवतो त्याला." सध्या इतके पुरे आहे.

सुट्टीत गावी जाल तेव्हा एकदा असरनंतर मैदानावर बसा. एखादा मुलगा, एखादी मुलगी वेगळी दिसली तर तिच्या शाळेतल्या खेळाच्या शिक्षकांना गाठा आणि चाचणीची तारीख विचारा. रहीमसाहेबांनी याहून फार वेगळे काही केले नव्हते. अल्लाह त्यांना जन्नत नसीब करो आणि आपल्या गावांना अशी नजर देवो.