पडलेल्या झाडांचा जमाखर्च

जर्मनीच्या आग्नेय कोपऱ्यात, चेक प्रजासत्ताकाच्या सीमेला लागून, बव्हेरियन फॉरेस्ट हे राष्ट्रीय उद्यान आहे. १९७० मध्ये स्थापन झालेले हे त्या देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान. तेथील लुसेन या १,३७३ मीटर उंचीच्या शिखराकडे चढताना उभी वाळलेली, करडी पडलेली स्प्रूसची खोडे आणि त्यांच्या पायाशी कुजणारे ओंडके दिसतात. लाकडाच्या व्यापाऱ्याला येथे केवळ बुडीत माल दिसेल.

१९८३ च्या उन्हाळ्यात वादळाने येथील स्प्रूसची पुष्कळ झाडे लोळवली. प्रघाताप्रमाणे ती उचलून विकावयाची; परंतु बव्हेरियाचे तत्कालीन वनमंत्री हान्स आयझनमान यांनी उद्यानाच्या गाभ्यातील झाडे पडली तेथेच राहू दिली. पुढे जिवंत झाडांची साल पोखरणारे भुंगेरे वाढले आणि १९९० नंतर हजारो हेक्टरांवरील जुने स्प्रूस वाळले. पिढ्यान्पिढ्या जंगलावर पोट भरणारे गावकरी संतापले. त्यांचे हिरवे डोंगर डोळ्यांदेखत करडे झाले होते. त्यांचे दुःख खोटे नव्हते.

मात्र त्या मृत लाकडात दुसरेच खाते उघडले होते. लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या कुळातील रॅगियम इन्क्विझिटर हा त्यातील एक खातेदार. कुळ लांब मिशांचे. याच्या मिशा मात्र आखूड. मादी मेलेल्या सूचिपर्णी झाडाच्या सालीच्या फटीत अंडी घालते. चपटी, फिकट अळी सुमारे दोन वर्षे सालीखालचा थर कुरतडते. निरोगी झाडाच्या वाटेस ती जात नाही. वाढ पूर्ण झाली की लाकडाचे तंतू सोलून ती स्वतःभोवती कडे रचते. साल निघाली की ते चिमुकल्या घरट्यासारखे दिसते. शरद ऋतूत कोषातून निघालेला भुंगेरा त्याच कड्यात हिवाळा काढतो आणि वसंतात उडून जातो.

अळ्यांनी सैल केलेल्या सालीखाली ओल धरते, बुरशी शिरते. अळ्यांच्या शोधात सुतारपक्षी येतात. लाकूड हळूहळू भुसभुशीत होते.

लुसेनच्या उतारांवर आता कोणी न लावलेले स्प्रूस आणि रोवन पुन्हा वाढले आहेत. विक्रीची रक्कम त्या ओंडक्यांतून कधीच वसूल झाली नाही. पण अशाच कुजलेल्या ओंडक्यांच्या पाठीवर स्प्रूसची रोपे मुळे धरतात.