ओतीव आणि ठोकीव

भोसरीच्या एमआयडीसीत डाय बनवणाऱ्या माणसाच्या हातात एखादी शिवराई द्यावी आणि आपण गप्प राहावं. तो ‘श्री राजा शिव’ नंतर वाचतो, आधी कड बघतो. साच्याच्या दोन फाळक्यांची पार्टिंग लाइन, ती लपवायला मारलेली कानस, अक्षरांच्या बगलेत टाचणीच्या टोकाएवढी ब्लो होल. ‘ओतलंय हे, ठोकलेलं नाही,’ एवढंच बोलून तो नाणं परत देतो. फौंड्री आणि प्रेस शॉपमध्ये जन्म घालवलेली ही नजर आपल्या पट्ट्यात गल्लोगल्ली आहे. नाण्यांच्या नादाला लागलेल्यांनी ती मागून घ्यावी.

खरी शिवराई घणाच्या घावाखाली जन्मली. ठसा मोठा, तांब्याची चकती लहान. म्हणून कुठे ‘श्री’ कापला जातो, कुठे ‘छत्रपति’तला ‘छ’ कडेबाहेर पडतो. सगळी अक्षरं आणि ठिपक्यांची किनार गोल, पुरी, मधोमध दिसली की मी आधी बिचकतो. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी असली देखणी नाणी ढिगाने मिळतात. रामदरबाराचं ईस्ट इंडिया कंपनीचं नाणंही मिळतं, जे कंपनीने कधी पाडलंच नाही. दुदांडी शिवराईची गोष्ट निराळी. ती अस्सल असते, पण उत्तर पेशवाईतली. महाराजांच्या काळातली म्हणून विकणं ही मात्र फसवणूक. लिलावात तर नाणं हातात घेऊन पाहिल्याशिवाय बोली लावूच नये. फोटोत कड दिसत नाही.

सोन्याला वजन बोलतं. चिखलीत बांधकामाच्या जागेवर सापडलेली अठराव्या शतकातली 216 सोन्याची नाणी 2021 साली पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ताब्यात घेतली. एकूण वजन 2357 ग्रॅम. भागाकार करून पाहा, एका नाण्याला 10.9 ग्रॅम येतात. मोगल मोहोर भरते ती एवढीच. सोन्याच्या बाबतीत टांकसाळ गुंजभर सैल सोडत नसे. तांब्याचं वजन मात्र हलायचं, म्हणून शिवराईला डोळाच लागतो.

पेशवाईत चिंचवडलाच टांकसाळ होती. चाकणचा संग्रामदुर्ग 1660 मध्ये शाइस्तेखानाविरुद्ध पावणेदोन महिने झुंजला. अशा जमिनीत आज रोज जेसीबी चालतोय. चिखलीची नाणी वाचली, याचा मला मनापासून आनंद आहे. पण ती कशी पुरली होती, शेजारी काय होतं, हे मातीच्या थरांनीच सांगितलं असतं, आणि ते थर गेले. नाण्याचं खरेपण लिलावातल्या तज्ज्ञाला दहा खुणांवरून ताडावं लागतं. जागेवर सापडलेलं नाणं त्याचा पुरावा सोबत घेऊन येतं.

म्हणून खोदकामावरच्या मुकादमांना, ठेकेदारांना एक विनंती. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं. ते कळवा. आणि तोवर नाणं चिंचेने घासू नका.