बुटकं भात, बुटका कुत्रा

आज पिकाचं नाही, कुत्र्याचं लिहितोय. पण गोष्ट शेवटी बियाण्याचीच आहे.

पोराने हौसेने डॅशहाउंड आणलेला. लांबडं अंग, चार बोटांचे पाय. गेल्या पावसात लावणी चालू होती, तेव्हा एका सकाळी तो मागचे पाय फरफटत आला. नातू त्याला ओटीवरून उड्या मारायला लावायचा, म्हणून मी त्याच्यावरच खेकसलो. पोर दिवसभर जेवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकून नसेवर दाब आलाय. उडी निमित्त झाली, मूळ दोष जातीतच.

मला ते भातावरून समजलं. जुनं उंच भात जरा जास्त युरिया पडला की आडवं व्हायचं. मग तैचुंग, जया असे बुटके वाण आले. तो बुटकेपणा मुख्यतः एकाच जनुकातल्या बदलाचा.

कुत्र्यातही तसंच. एफजीएफ-४ जनुकाची एक जादा प्रत असली की पायाची हाडं आखूड राहतात, हे २००९ साली सापडलं. २०१७ मध्ये त्याचीच आणखी एक प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर सापडली. ती पाय आखडतेच, शिवाय मणक्यातल्या गाद्या लहान वयातच वाळवून कडक करते. डॅशहाउंडमध्ये ह्या दोन्ही प्रती सर्रास असतात. जर्मनीत बिळात शिरून शिकार करायला माणसाने आखूड पाय निवडले. त्यांच्यासोबत पाठीचं दुखणंही आलं.

आमच्या बाजूच्या गोदामावर राखणीला कारवानी आहे. उंच, पोट खपाटीला, सशामागे पळायला निवडलेली जात. आमचा बंड्या त्याच्या पोटाखालून जाईल. तरी दोघांचा मूळ पुरुष लांडगाच. माणसाची उंची शेकडो जनुकं मिळून ठरवतात, कुत्र्याच्या आकारात मोठा वाटा मोजक्याच जनुकांचा. म्हणून निवड केली की थोड्या पिढ्यांत रूप बदलतं.

बियाणं घेताना आपण नुसती लोंबी बघत नाही, रोगाचंही विचारतो. पिल्लू घेतानाही आईबापाच्या पाठीचं विचारा. घरात असा कुत्रा असेल तर वजन वाढू देऊ नका, उड्या टाळा. पाय ओढायला लागला तर मालीश करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

बंड्या आता वाकडा का होईना, चालतो. ओटीवरून नातू त्याला उचलून खाली ठेवतो. नातवाला मी जवळ घेऊन सांगितलं, बाळा, चूक तुझी नव्हती.