भर दुपारचा रेडिओ सायलेन्स

पापनाशम म्हटलं की तमिळ माणूस आधी विचारतो, कुठलं? एक आहे तिरुनेलवेलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, धरण आणि धबधब्याचं. आमचं ते नव्हे. आमचं तंजावर जिल्ह्यातलं, कावेरीच्या सपाट भातखाचरांमधलं, तंजावर-कुंभकोणम रेल्वेमार्गावरचं. गावात १०८ शिवलिंगांचं देऊळ आहे आणि नायकांच्या काळातलं भाताचं एक भलंमोठं कोठार. भोसल्यांचं तंजावर इथून हाकेच्या अंतरावर, पण त्यावर पूर्वी लिहून झालं आहे, आज वेगळा विषय.

मे २०२४ मध्ये इथल्या एका शाळेत आमचं एनसीसीचं शिबिर होतं. एनसीसीच्या पोस्टिंगला आपल्यातले काही जण विश्रांती म्हणतात. चारशे पोरं, मला तमिळ येत नाही आणि कावेरीच्या खोऱ्यातला मे महिना, एवढंच सांगतो आणि पुढे जातो.

शुक्रवार, १० मे. जेवणाआधीचा तास मी दळणवळणाचा ठेवला होता. माझ्याकडे स्वतःचा एक छोटा शॉर्टवेव्ह रिसीव्हर आहे, पोस्टिंग कुठेही असो, तो ट्रंकेत असतो. त्याची वीस मीटर वायर नारळाच्या दोन झाडांमध्ये बांधली होती. शेजारी सकाळच्या नकाशावाचनाच्या तासाची सावलीची काठी अजून जमिनीत रोवलेली होती. पंचवीस मीटर बँडवर एक चिनी केंद्र खणखणीत लागलं होतं आणि मी पोरांना विचारत होतो की हा आवाज पृथ्वीच्या गोलाईला वळसा घालून इथे आला कसा.

बारा वाजून चोवीस-पंचवीस मिनिटांनी तो आवाज बसत गेला. तुटला नाही, बसला. कोणी हळूहळू व्हॉल्यूम कमी करावा तसा. दोन-तीन मिनिटांत केंद्र गेलंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे मागची खरखरही गेली. शॉर्टवेव्हवर केंद्र नसलं तरी एक सूं-सूं कायम असते, तीही मंदावली. जणू अँटेनाची वायर कोणी उपटली.

एक कॅडेट म्हणाली, "सर, बॅटरी." दुसरा उठून वायर तपासायला पळाला. मी म्हटलं, लंगरमध्ये जाऊन बघून ये, तिथला रेडिओ चालू आहे का? तिथे एफएमवर तमिळ गाणी जोरात चालू होती. मोबाइलला रेंज होती. माझ्या सेटवर मात्र मी खालच्या बँडवरून वरच्या बँडपर्यंत सुई फिरवली आणि सगळीकडे तीच शांतता. मग मी त्यांना काठीची सावली बघायला सांगितली. मीटरभर काठीची सावली वीतभरही नव्हती. सूर्य जवळजवळ डोक्यावर होता.

बारा चोवीसला सूर्यावरच्या एका प्रचंड डागांच्या समूहातून एक्स ३.९ दर्जाची ज्वाला शिगेला पोचली होती. त्या आठवड्यात तो डाग बातम्यांमध्ये होता, ग्रहणाच्या चष्म्यातून नुसत्या डोळ्यांनीही दिसत होता, म्हणून माझा संशय लगेच तिकडे गेला. ज्या भूभागावर त्या क्षणी सूर्य माथ्यावर असतो, तिथे फटका सर्वांत मोठा. त्या दुपारी तो भूभाग आपला होता.

यातलं यंत्र समजून घेण्यासारखं आहे. शॉर्टवेव्हची लाट वर जाते, जमिनीपासून अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या एफ थरावर वळते आणि शेकडो-हजारो किलोमीटर पलीकडे उतरते. पण जाताना आणि येताना तिला ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा डी थर ओलांडावा लागतो. हा थर लाट परतवत नाही, खातो. एरवी दिवसा तो थोडी जकात घेतो आणि सोडतो. सूर्याच्या ज्वालेतून क्ष-किरणांचा मारा झाला की हाच थर एकदम दाट होतो आणि सगळा मालच जप्त करतो. क्ष-किरण प्रकाशाच्याच वेगाने येतात, सव्वाआठ मिनिटांत. म्हणजे आपण स्फोट बघतो त्याच क्षणी रेडिओही गेलेला असतो, आगाऊ इशारा असा नसतोच. खरखर जाते तीही याचमुळे, कारण तीही बरीचशी दूरवरच्या विजांची, त्याच वाटेने आलेली असते. एफएम आणि मोबाइल या वाटेने जातच नाहीत, म्हणून लंगरमधली गाणी चालू राहिली.

फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की ही जकात साधारण चौथाईवर येते. म्हणून अशा वेळी वर चढायचं आणि वाट बघायची. आमच्याकडेही वरचे बँड आधी जागे झाले, पाऊणएक तासाने. खालचे सर्वांत शेवटी. पोरांनी वहीत प्रत्येक बँडची वेळ लिहिली. पट्टी ठेवून काढावी अशी सरळ उतरंड आली. शिबिरातला माझा सर्वांत यशस्वी तास, आणि तो घेतला सूर्याने.

आता गंमत बघा. चारच दिवसांनी, १४ मे रोजी, त्याच डागातून एक्स ८.७ ची ज्वाला निघाली, शुक्रवारच्या दुप्पट. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे दहा वीस झाले होते. माझ्या सेटवर केसभरही फरक नाही. मार बसला अमेरिकेकडच्या उजेडातल्या अर्ध्या पृथ्वीला.

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो असतो तर कदाचित विसरलो असतो. शिकलो ते ऑक्टोबर २००३ मध्ये, लडाखमधल्या एका पोस्टवर. नुकताच कमिशन झालेला लेफ्टनंट होतो. २८ तारखेला आमची सात जणांची गस्त बाहेर होती, एचएफ सेट घेऊन. संध्याकाळी पाच वाजता त्यांनी बोलायचं ठरलेलं. पाच वाजले, सव्वापाच वाजले, काही नाही. ऑक्टोबरच्या शेवटी त्या उंचीवर सूर्य गेला की पारा कसा पडतो हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना सांगायला नको. कंपनी कमांडर साहेबांनी शोधासाठी तुकडी तयार करायला सांगितली. म्हणजे अंधारात, बर्फात, आणखी दहा जण.

आमचे सिग्नल हवालदार साताऱ्याकडचे, महूला कोर्स करून आलेले, बोलायला अत्यंत कंजूष. त्यांनी गस्तीला हाका मारणं थांबवलं आणि डायल फिरवायला लागले. बराच वेळ नुसतं ऐकलं. मग कमांडर साहेबांना म्हणाले, "साहेब, त्यांचा सेट गेला असता तर ते एकटेच गेले असते. इथे आकाशवाणी गेलीय, बाहेरची केंद्रं गेलीत, खरखर गेलीय. वरचंच काहीतरी बिघडलंय. अंधार पडेपर्यंत थांबू या. रात्रीच्या फ्रिक्वेन्सीवर मी त्यांना काढतो."

डी थर सूर्यावर जगतो. सूर्य मावळला की काही मिनिटांत विरून जातो. हवालदारांनी हे असं सांगितलं नाही, "अंधार पडेपर्यंत" एवढंच म्हणाले. कमांडर साहेबांनी घड्याळ बघितलं आणि तुकडीला तयार ठेवून साडेसहापर्यंत वेळ दिला. तो सव्वा तास मी जन्मात विसरणार नाही. सहा पस्तीसला गस्तीचा आवाज आला, स्वच्छ. सातही जण ठीक. पण ऐका, तिकडे काय चाललं होतं ते. त्यांनाही वाटलं होतं आपला सेट मेला. पोस्टला कळवलं पाहिजे म्हणून ठरलेली वाट सोडून एका नाल्यातून जवळच्या रस्त्याने रात्रीच परतायचा विचार पक्का होत आला होता. तो नाला मी नंतर दिवसा पाहिला आहे. दोन्हीकडची माणसं शुद्ध हेतूने अंधारात निघणार होती, आणि दोन्ही सेट ठणठणीत होते.

नंतर कळलं की त्या दुपारी चार चाळीसला एक्स १७ ची ज्वाला झाली होती, तोवर नोंदलेल्या सर्वांत मोठ्या ज्वालांपैकी एक. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला त्याच स्फोटातून निघालेला कणांचा ढग पृथ्वीवर आदळला. हा दुसरा प्रकार, आणि तो पहिल्याच्या उलट वागतो. ढगाला यायला एक ते तीन दिवस लागतात, तो पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलवतो आणि एफ थरच विस्कटतो. वरच्या फ्रिक्वेन्सी मग परत खाली न येता सरळ अवकाशात निघून जातात. तिथे वर चढून उपयोग नाही, खाली उतरावं लागतं, आणि हे प्रकरण तासाभराचं नसून दोन-तीन दिवसांचं असतं. हवालदारांनी तेही केलं. दिवसाही रात्रीची फ्रिक्वेन्सी लावून ठेवली आणि कोणाला कारण सांगितलं नाही.

मे २०२४ मध्येही ढग आला, पण तो शुक्रवार दुपारच्या ज्वालेचा नव्हता. ८ तारखेपासून एकामागून एक निघालेले अनेक ढग वाटेत एकमेकांत मिसळले आणि शुक्रवारी रात्री साडेदहाच्या सुमारास धडकले. २००३ नंतरचं सर्वांत मोठं चुंबकीय वादळ. त्या रात्री लडाखमध्ये हानले इथे भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या कॅमेऱ्यांनी आकाशात लाल झळाळी टिपली. पापनाशमला आकाश नेहमीसारखं काळं आणि दमट. सेटवर मात्र दूरचे आवाज पाण्याखालून आल्यासारखे थरथरत होते.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं, तमिळनाडूच्या तळातून. तिथे वर-खाली फिरणारी चुंबकसुई टेकवली तर ती आडवी राहते. १९६३ मध्ये पहिलं रॉकेट सोडायला थुंबा निवडलं ते याच रेषेसाठी, आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेची एक प्रयोगशाळा तिरुनेलवेलीला आहे तीही यासाठीच. या रेषेवर दिवसा आयनांबर कारंज्यासारखं वर उचललं जातं आणि दोन्ही बाजूंना उतरतं. उत्तरेकडचं पाणी पडतं अहमदाबाद-भोपाळच्या डोक्यावर. म्हणजे एफ थर सर्वांत दाट तिकडे, आणि आम्ही कारंज्याच्या बुडाशी. सूर्यास्तानंतर इथे वर बुडबुडे उठतात, त्यांतून जाताना शॉर्टवेव्हच काय, जीपीएसचा सिग्नलही डगमगतो. वादळ आलं की हे कारंजं कधी उसळतं, कधी बंद पडतं. लडाखचा ठोकताळा तंजावरला जसाच्या तसा लावू नये, तो याच कारणाने.

चुंबकाचा विषय निघालाच आहे तर आपल्या मुंबईला टाळता येत नाही. २ सप्टेंबर १८५९ रोजी कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकसुईच्या नोंदी घेणाऱ्या माणसांनी सुई अशी पडताना पाहिली की ती नोंद आजही जगभर उद्धृत होते. सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण. मे २०२४ च्या वादळाचा निर्देशांक चारशेच्या आसपास होता. मोजण्याची रीत वेगळी आहे, पण अंदाज यावा. तेव्हा रेडिओ नव्हता, युरोप-अमेरिकेत तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या. कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदी शोधून भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्यांवर लेख लिहिला तो २००३ सालीच. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून ही वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागला हलवली. ती आजही तिथे चालू आहे. किल्ला बघायला जाणाऱ्यांपैकी किती जण तिच्यावरून पुढे निघून जातात, देव जाणे.

शांतता चुकीची वाचली तर काय होऊ शकतं, याचं मोठं उदाहरण २३ मे १९६७ चं. सूर्याच्या एका रेडिओ-उद्रेकाने अलास्का, ग्रीनलंड आणि इंग्लंड इथली अमेरिकेची क्षेपणास्त्र-इशारा रडारं एकाच वेळी निकामी झाली. शीतयुद्धाचे दिवस, रडार जॅम करणं म्हणजे युद्धाची कृती. विमानं सज्ज होत होती. सूर्यावर नजर ठेवणारा एक छोटा हवामान विभाग तोवर उभा राहिला होता, त्याने वेळेत सांगितलं की हा रशिया नाही, सूर्य आहे. आमच्या हवालदारांनी केलं तेच, फक्त अणुबॉम्बच्या मापाचं.

आज आदित्य-एल१ सूर्याकडे टक लावून बसलं आहे. ढगाचा इशारा आता मिळू शकतो, ज्वालेचा अजून नाही. आणि पोस्टवरच्या तरुण अधिकाऱ्यांचा भरवसा उपग्रहावर इतका आहे की एचएफ सेट तपासणीपुरताच बाहेर निघतो. माझा त्याला आक्षेप आहे. कारण उपग्रहाची वाटही त्याच आकाशातून जाते, आणि ती डगमगली तर डायल फिरवून कानाने निदान करणारा माणूस आयत्या वेळी तयार करता येत नाही. आमच्या हवालदारांना तो कान यायला पंधरा वर्षं लागली होती.

माजी सैनिक वाचकांना एक विनंती. १३ मार्च १९८९ च्या सकाळी, आपल्या वेळेने सातच्या सुमाराला, मोठं चुंबकीय वादळ सुरू झालं. कॅनडाच्या क्यूबेक प्रांताची वीज त्यातच गेली, साठ लाख लोक नऊ तास अंधारात. त्या दिवशी आपली फौज सियाचीनवर होती आणि शांतिसेना म्हणून श्रीलंकेतही, म्हणजे या पापनाशमपासून समुद्रापलीकडे, चुंबकीय विषुववृत्ताच्या अगदी जवळ. तुमच्यापैकी कोणी तेव्हा जाफन्यात किंवा ग्लेशियरवर एचएफ सेटवर बसलं होतं का? काय ऐकू आलं, किंवा काय ऐकू आलं नाही, तेवढं आठवून लिहा. वेळ आणि फ्रिक्वेन्सी आठवत नसली तरी चालेल, दिवस होता की रात्र एवढं सांगा.