यादीच नाही, तर निवडणार काय?

शनिवारी कामाचं बोलायचं म्हणजे पापच, मान्य. पण आजचा विषय कामातूनच निघालाय, आणि तो शेवटी आमच्या देवणीपर्यंत जातो. त्यामुळे आयटीत नसलेल्यांनीही पहिले चार परिच्छेद दम धरावा. फार जड नाहीयेत.

ज्यांनी कधी स्ट्रट्स-२ मध्ये ड्रॉपडाऊन केलाय, त्यांना ही एरर पाठ असेल. फॉर्मच्या जागी एक लांबलचक ओळ येते. तिचा अर्थ असा, की 'सिलेक्ट टॅग, लिस्ट फील्ड: तुम्ही मागितलेली यादी कलेक्शन, अ‍ॅरे, मॅप यापैकी काहीच म्हणून मला सापडली नाही.' आणि शेवटी चौकटी कंसात 'ठिकाण अज्ञात'. वा! ठिकाण पण अज्ञात. साध्या मराठीत फ्रेमवर्क म्हणतंय, 'बाबा रे, तालुक्यांचा ड्रॉपडाऊन काढ म्हणालास, पण तालुके कुठायत?'

आता दोन-तीन किरकोळ कारणं आधी बघून घ्यावीत. कुणी अ‍ॅक्शनमधून न जाता जेएसपी पान थेट उघडलंय का? मग यादी भरायला कुणी आलेलंच नसतं. यादीचा गेटर आहे का, पब्लिक आहे का, नावाचं स्पेलिंग जुळतंय का? हे सगळं ठीक असेल आणि तरीही एरर येत असेल, तर एकच प्रश्न विचारायचा: पहिल्यांदा येते, की सबमिट केल्यावर येते?

बहुतेक वेळा उत्तर असतं, सबमिट केल्यावर. पहिल्यांदा पान मस्त उघडतं, तालुके दिसतात. मग युजर मोबाईल नंबरचे नऊच आकडे टाकतो, सबमिट दाबतो, आणि 'नंबर चुकला' एवढा साधा निरोप मिळायच्या ऐवजी त्याच्या तोंडावर तालुक्याची एरर येते. तालुका तर त्याने बरोबर निवडलेला असतो बिचाऱ्याने!

होतं असं. सबमिट केलेली माहिती अ‍ॅक्शनपर्यंत पोचण्याआधी इंटरसेप्टरच्या रांगेतून जाते. त्यात व्हॅलिडेशनवाला चूक पकडतो आणि त्याच्या पुढचा वर्कफ्लोवाला म्हणतो, 'परत जा, फॉर्म नीट भर.' म्हणजे अ‍ॅक्शनची मेथड चालतच नाही. पण तालुक्यांची यादी गोळा करायचं काम तर फॉर्म पहिल्यांदा दाखवणाऱ्या मेथडमध्ये लिहिलेलं. मघाची यादी? ती मघाच्या रिक्वेस्टबरोबर गेली. दर रिक्वेस्टला नवा अ‍ॅक्शन ऑब्जेक्ट जन्माला येतो, आणि ब्राउझर काही अख्खी यादी परत पाठवत नाही, निवडलेली एक किंमत तेवढी पाठवतो. खानावळीत ऑर्डर दिली, पोऱ्या मेनूकार्ड घेऊन गेला, थोड्या वेळाने येऊन म्हणाला, 'ते संपलंय, दुसरं सांगा.' अरे मग कार्ड आण ना परत!

कार्ड परत आणायची सोय स्ट्रट्समध्ये आहे. अ‍ॅक्शनला प्रिपेअरेबल करायचं आणि यादी भरायचं काम प्रिपेअर मेथडमध्ये टाकायचं. ती व्हॅलिडेशनच्या आधी चालते, पास होवो की नापास. नव्वद टक्के लोकांचा प्रश्न इथे सुटतो. उरलेल्या दहा टक्क्यांकडे जिल्हा-तालुका-गाव अशी उतरंड असते. तालुके काढायला आधी जिल्हा माहीत हवा, आणि नेहमीच्या रांगेत प्रिपेअर हा पॅराम्सच्या आधी उभा असतो. म्हणजे युजरने निवडलेला जिल्हा अजून अ‍ॅक्शनमध्ये उतरलेलाच नाही! त्यासाठी 'पॅराम्स-प्रिपेअर-पॅराम्स' नावाची वेगळी रांग मिळते. नाव ऐकून हसू येतं, पण काम चोख. आधी किंमती उतरवा, मग तयारी करा, मग पुन्हा किंमती उतरवा. आणि हो, कुणी 'जिल्हा बदलू नये' म्हणून तो ड्रॉपडाऊन डिसेबल करून ठेवला असेल, तर एचटीएमएलच्या नियमाने डिसेबल फील्ड सबमिट होतच नाही. मग जिल्हा नाही, म्हणून तालुके नाहीत, म्हणून गावं नाहीत. पानं चाळत बसा रात्रभर.

संपलं. टेक्निकल भाग इथे संपला. आता माझा मुद्दा.

या एररवर आणखी एक उपाय असतो आणि तो पाच मिनिटांत होतो. यादी नल असेल तर रिकामी यादी देऊन टाकायची. एरर गायब! रिलीजच्या आदल्या रात्री अकरा वाजता हा उपाय सुचला नाही असा प्रोजेक्ट मी पाहिलेला नाही. आमच्याकडे आलेल्या एका जुन्या अ‍ॅपमध्ये तो अकरा पानांवर केलेला सापडला. लॉग स्वच्छ, टेस्टर खूष, पान उघडतंय. फक्त तालुक्याच्या ड्रॉपडाऊनमध्ये 'निवडा' याशिवाय काहीही नाही. आणि तालुका कंपल्सरी आहे. म्हणजे युजर आता आयुष्यभर सबमिट दाबत बसणार.

फ्रेमवर्कचेही स्वभाव असतात बघा. सबमिट फसल्यावर यादी पुन्हा भरली नाही, तर रेल्स 'नलवर मॅप कसा करू?' म्हणून बोंब मारतं. स्ट्रट्स वरची लांबलचक ओळ फेकतं. स्प्रिंगचा फॉर्म टॅग मात्र सभ्य. यादी नल असली तर गुपचूप रिकामा ड्रॉपडाऊन काढून मोकळा होतो. मला पूर्वी स्प्रिंगचा सभ्यपणा आवडायचा. आता बोंब मारणारे आवडतात. का, ते सांगतो.

माझे मामा वलांडीला असतात. वलांडी म्हणजे देवणी तालुका, जिल्हा लातूर, पलीकडे लगेच कर्नाटकातला बीदर जिल्हा. एका मृगात त्यांनी पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही. दोन बॅगा बियाणं मातीत गेलं. कंपनीची तक्रार ऑनलाइन करायची होती. कंपनीचं नाव नको, तो आजचा विषय नाही. मामा देवणीला फॉर्म भरून देणाऱ्या पोराच्या दुकानात जाऊन बसले आणि तिथून मला फोन.

"काय करलालास? कामात हाईस का?"

"नाही मामा, बोला की."

"आरं, ह्या फारमात आपला तालुकाच येईना गेलाय. लातूर दाबलं की अहमदपूर येतंय, उदगीर येतंय, निलंगा येतंय. देवणी न्हाईच."

"खाली सरकवून बघा, असेल."

"खाली-वर समदं बघितलं. हे पोरगं म्हणलालंय उदगीर टाका, चालतंय."

पोरगं चुकीचं म्हणत नव्हतं, कारण एके काळी ते चालत होतं. पण उदगीर टाकल्यावर खाली गावांची यादी आली उदगीर तालुक्याची, तीत वलांडी कुठून असणार? मग त्या पोराने जवळचं वाटलं ते गाव टाकलं, कारण रिकामं सोडलं तर फॉर्म पुढे जात नव्हता. तक्रार गेली. तीन आठवड्यांनी उदगीरकडच्या माणसाचा फोन आला, की 'त्या गावात तुमच्या नावाचं शेत नाही.' तोवर मामांनी दुबार पेरणी उरकली होती, उसन्या पैशांवर. मोकळं रान दाखवून पंचनामा करायची वेळ निघून गेली होती.

आता इथे काहीच क्रॅश झालेलं नाही. लॉगमध्ये एक ओळ नाही. त्या कंपनीच्या रिपोर्टमध्ये देवणी तालुक्यातून शून्य तक्रारी दिसत असणार. एखाद्या मीटिंगमध्ये कुणी म्हणालंही असेल, 'देवणीत बियाणं चांगलं उगवलं यंदा.'

देवणी यादीत का नव्हती याचा अंदाज करणं सोपं आहे. देवणी उदगीरमधून निघून वेगळा तालुका झाली १९९९ साली, शिरूर अनंतपाळ आणि जळकोट यांच्याबरोबरच. आज लातूर जिल्ह्यात दहा तालुके आहेत. कुणीतरी त्याआधीची यादी कुठूनतरी उचलली, एका प्रोजेक्टमधून दुसऱ्यात चिकटवली, आणि यादी म्हणजे काय, दगडावरची रेघ, बदलणार थोडीच, असं समजून पुढे गेला. पण आमच्या भागाचा इतिहास बघा जरा. १९५६ पर्यंत उदगीर तालुका बीदर जिल्ह्यात आणि हैदराबाद राज्यात. राज्य पुनर्रचनेत तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला, जिल्हा उस्मानाबाद. १९६० ला महाराष्ट्र. १९८२ ला लातूर जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा लातूर. १९९९ ला तालुकाही वेगळा. म्हणजे १९५० साली देवणीत जन्मलेला माणूस एक वीतभरही न हलता तीन राज्यं, तीन जिल्हे आणि दोन तालुके फिरून आला. त्याच्यासमोर आपण 'जन्मजिल्हा निवडा' असा ड्रॉपडाऊन ठेवतो. काय निवडावं त्याने?

आणि नावांचा घोळ निराळाच. मराठीत देवणी. इंग्रजीत जनगणना लिहिते 'देओनी' सारखं, पाट्यांवर कुठे 'देवनी' सारखं. दोन टेबलं नावावरून जोडली की एकीकडची देवणी दुसरीकडे सापडत नाही. म्हणून तर त्या टॅगमध्ये लिस्ट-की आणि लिस्ट-व्हॅल्यू असे दोन वेगळे रकाने दिलेत. की म्हणजे कोड, व्हॅल्यू म्हणजे माणसाने वाचायचं नाव. २०२३ साली उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव झालं. ज्यांनी कोड साठवला होता, उदाहरणार्थ २०११ च्या जनगणनेतला ५२५, त्यांनी एका ओळीत नाव बदललं आणि चहाला गेले. ज्यांनी नावच की म्हणून वापरलं, त्यांच्या जुन्या नोंदी उघडल्या की ड्रॉपडाऊन कोरा. आपलं लातूर ५२४. गावापर्यंतचे कोड हवे असतील तर पंचायती राज मंत्रालयाची लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी सगळ्यांना खुली आहे. जुन्या प्रोजेक्टमधून यादी उचलण्यापेक्षा तिथून आणायला फार तर एक दुपार जास्त लागेल.

यादी पूर्ण असली तरी गप्प राहून खोटं बोलायच्या आणखी दोन तऱ्हा आहेत, त्या सांगतो आणि थांबतो. एक, वर 'निवडा' हा पर्यायच न ठेवणं. मग ब्राउझर पहिलं नाव आपोआप निवडतो. लातूरच्या तालुक्यांत मराठीत लावा की इंग्रजीत, पहिला येतो अहमदपूर. घाईत भरलेले सगळे अर्ज अहमदपूरचे! दुसरी, 'निवडा' ठेवणं पण त्याची की उणे एक देणं. स्ट्रट्सच्या उदाहरणांमध्ये ती तशीच असते म्हणून लोक तशीच घेतात. 'रिकामं सोडू नका' एवढंच तपासणारं व्हॅलिडेशन तिच्यावर खूष, कारण उणे एक म्हणजे रिकामं नव्हे. मग डेटाबेसमध्ये एक अदृश्य तालुका तयार होतो, क्रमांक उणे एक, आणि त्याची लोकसंख्या वाढत जाते. :-)

गंमत म्हणजे देवणी हे नाव एका यादीत मात्र हमखास सापडतं. गायींच्या जातींच्या. देवणी ही मान्यताप्राप्त देशी जात आहे, कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडे तिची नोंद आहे. तिच्यात बालंक्या, वानेरा, शेवेरा असे तीन प्रकार, रंगावरून ओळखायचे. बालंक्या अख्खी पांढरी, वानेऱ्याचं अंग पांढरं आणि तोंडावर काळं, शेवेऱ्याच्या पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी गायीचं नाव घातलंय, मालकाचं ऱ्हायलंय."

टेक्स्टबॉक्समध्ये माणूस स्वतःचं नाव-गाव स्वतः लिहितो, वेडंवाकडं का होईना. ड्रॉपडाऊनमध्ये तो आपण आधी लिहून ठेवला असेल तरच असतो. म्हणून माझं आता असं मत झालंय, की यादी नसेल तर पान मोडू द्यावं. मोडलेलं पान कुणीतरी सोमवारी सकाळी दुरुस्त करतं. न मोडता चाललेल्या पानावर मामा उदगीर निवडून येतात आणि कुणाला कळतही नाही.

सध्याच्या प्रोजेक्टमध्ये मी दोन टेस्ट घालून ठेवल्यात. यादी रिकामी आली तर बिल्ड पडतो. आणि लातूरच्या यादीत दहापेक्षा कमी तालुके आले तरी बिल्ड पडतो. रिव्ह्यू करणाऱ्याने विचारलं, 'अख्ख्या महाराष्ट्रात लातूरच का?' म्हटलं, 'तुझा जिल्हा पण टाक की.' त्याने साताऱ्याचे अकरा टाकले. आता बाकीच्यांना कामाला लावलंय.