बाजूनं बघ

चि. सोनूस,


खोली मिळाली हे वाचून जीव भांड्यात पडला. आता तुझा फोनवरचा प्रश्न. व्हॅन गॉगचं डोकं फिरलं होतं म्हणून तो इतका जाड रंग थापायचा, हे मला मुळीच पटत नाही. पडताळून बघायची सोय लंडनमध्येच आहे. नॅशनल गॅलरीत त्याचं सायप्रसच्या झाडांचं गव्हाचं शेत आहे, ते बघून ये.

ते दुसऱ्यांदा रंगवलेलं. पहिलं त्यानं 1889च्या जूनअखेरीस, प्रोव्हान्समधल्या सँ-रेमीला, उघड्यावर रंगवलं. ते आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये आहे. तेव्हा तब्येत बरी होती. जुलैत आजार उलटला, बाहेर जाणं थांबलं, आणि सप्टेंबरमध्ये खोलीत बसून त्यानं तुमचं लंडनचं केलं. गंमत बघ, रंग जाड आहे तो बरा असतानाच्या चित्रात! आजारानंतरचं त्यामानानं आखीव, शांत.

न्यूयॉर्कच्या चित्रात ढगांचा पांढरा कॅनव्हासवरून चक्क उचलून आलाय. खालचा थर ओला असतानाच ब्रश फिरवला की केसांचे चर उमटतात, पांढऱ्यात निळा ओढला जातो आणि फटकाऱ्याच्या कडेला रंगाचा बांध उभा राहतो. पुन्हा हात लावला की सगळ्याचा चिखल. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं त्याचंच हे काम. पुढे अशी कितीतरी जुनी चित्रं बळकटीसाठी मागून नवं कापड चिकटवून इस्त्रीखाली गेली आणि त्यांचे उंचवटे दबले. हे मात्र वाचलं.

उघड्यावरच्या ओल्या रंगात काय काय अडकतं! कॅन्सस सिटीच्या संग्रहालयातल्या त्याच्या ऑलिव्हच्या झाडांत 2017 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली नाकतोडा सापडला. आधीच मेलेला असणार, कारण भोवतालच्या रंगात धडपडीची खूण नाही. 1885च्या एका पत्रात तर तो भावाला कॅनव्हासवरून शंभरावर माश्या वेचल्याचं सांगतो.

नॅशनल गॅलरीतच सेझानचं प्रोव्हान्समधल्या टेकडीचं चित्रही आहे. प्रांत तोच, पण याचा रंग पातळ, फटकारे तिरके आणि शेजारी शेजारी. मला खरं तर सेझानच जास्त आवडतो, पण ते पुन्हा कधीतरी.

व्हॅन गॉगच्या चित्रासमोर नुसती उभी राहू नकोस. भिंतीच्या बाजूला सरक आणि कडेनं बघ, म्हणजे दिव्याचा उजेड उंचवट्यांवर तिरका पडेल. रखवालदार हटकेल, हटकू दे. फोटो पाठवू नकोस, त्यात सगळं सपाट दिसतं. जास्त जाड रंग झाडांत आहे की ढगांत, तेवढं कळव.

तुझी,
मावशी